दुसऱ्यांदा बघायला कोणती घ्यावी: शेरलॉक, ट्रू डिटेक्टिव्ह की लाइन ऑफ ड्यूटी?

या तिन्ही गुन्हेतपासाच्या मालिका एकदा बघून झालेल्यांसाठी हे लिहितोय. शेवट सगळ्यांना माहीत आहेत असं धरूनच पुढे जाणार आहे, तेव्हा ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी इथेच थांबलेलं बरं. प्रश्न असा: आता दुसऱ्यांदा, रिमोट हातात धरून, दर दोन मिनिटांनी पॉज करत, चाहत्यांनी रचलेल्या थिअऱ्या पडताळून बघायच्या तर यातली कोणती घ्यावी?

कलाकार, चॅनल, पुरस्कार वगैरे सांगत बसत नाही. हिशोबापुरतं सांगतो. शेरलॉकचे सगळे मिळून १३ भाग, प्रत्येक भाग साधारण दीड तासाचा. ट्रू डिटेक्टिव्ह म्हणजे इथे फक्त २०१४चा पहिला सीझन, ८ भाग. लाइन ऑफ ड्यूटीचे सहा सीझन, ३६ भाग. नुसत्या आकड्यांवरून ठरवायचं असेल तर ट्रू डिटेक्टिव्ह एका शनिवार-रविवारी उरकतो आणि हा लेख इथेच संपतो. पण सुगावे हुडकणाऱ्या माणसाला वेळेची फिकीर नसतेच. त्याला एवढंच हवं असतं की आपण डोळे फोडून जे शोधलं त्याचा पुढे काहीतरी जमाखर्च लागावा.

शेरलॉकपासून सुरू करतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांना थिअऱ्यांचं वेड लागलं ते तिथेच. १५ जानेवारी २०१२ला 'द राइशेनबाख फॉल' दाखवला गेला. शेरलॉकने लंडनच्या बार्ट्स हॉस्पिटलच्या गच्चीवरून उडी मारली, त्याचा मित्र जॉनने धावत येऊन त्याची नाडी बघितली, दफन झालं, आणि अगदी शेवटी कबरीपासून थोड्या अंतरावर साहेब धडधाकट उभे. पुढचा भाग आला तो थेट १ जानेवारी २०१४ला. मधली जवळजवळ दोन वर्षं लोकांपाशी ती एक उडी होती आणि भरपूर रिकामा वेळ होता.

तो प्रसंग आजही पुन्हा बघावा असा आहे, हे आधीच कबूल करतो. शेरलॉक गच्चीवरून फोनवर जॉनला सांगतो की आहेस तिथेच थांब, पुढे येऊ नकोस, नजर माझ्यावर ठेव. पहिल्यांदा बघताना हे निरोप घेणाऱ्या मित्राचं बोलणं वाटतं. दुसऱ्यांदा बघताना लक्षात येतं की हा बाबा प्रेक्षकाला खुर्चीवर नेमकं बसवून घेतोय. जॉन उभा आहे तिथून मध्ये एक बुटकी इमारत येते आणि अंग फुटपाथवर आदळतं तो क्षण त्याला दिसत नाही. धावत सुटतो तर एक सायकलवाला येऊन त्याला आडवा करतो. कडेला एक ट्रक उभा आहे. त्याच फोनवर शेरलॉक म्हणतो की ही सगळी जादूची ट्रिक आहे. आणि त्याआधी लॅबमध्ये तो एक छोटा रबरी चेंडू आपटत बसलेला दाखवलाय.

चेंडूची थिअरी माझी लाडकी. काखेत चेंडू घट्ट दाबला की हाताकडे जाणारा रक्तपुरवठा अडतो आणि मनगटाला नाडी लागत नाही, असं त्यात म्हटलेलं. आम्ही घरी करून बघितलं. माझ्या मते नाडी मंदावली होती. बायकोच्या मते तिला मुळात ती नीट सापडतच नव्हती. तर या प्रयोगाला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

बाकी थिअऱ्याही एकाहून एक सरस होत्या. मॉली शवागारात काम करते, तिने प्रेत पुरवलं. शेरलॉकचा वैरी मोरिआर्टीने गच्चीवर स्वतःला गोळी घातली, त्याच्याच प्रेताला मुखवटा चढवून खाली टाकलं. सुटका झालेली लहान मुलगी शेरलॉकला बघून किंचाळते, म्हणजे तिला पळवून नेणारा शेरलॉकसारखा दिसणारा कुणीतरी असणार, आणि खाली पडला तो तोच तोतया. यातली शेवटची तर मला अजूनही अस्सल वाटते, कारण ती त्या मुलीच्या एका किंकाळीवर उभी आहे आणि ती किंकाळी पडद्यावर आहे. कुणीही मागे नेऊन ऐकावी.

इथवर सगळं छान. आता माझं दुखणं सांगतो, आणि खरं तर याच एका दुखण्यामुळे माझा निकाल लागला.

त्या दोन वर्षांच्या गॅपमध्ये मालिकेचा एक निर्माता, स्टीव्हन मॉफट, मुलाखतीत सांगून मोकळा झाला की सगळ्यांच्या नजरेतून निसटलेला एक सुगावा त्या भागात आहे. शेरलॉकने त्याच्या स्वभावाला न शोभणारं काहीतरी केलंय आणि ते कुणीच पकडलेलं नाही. झालं. एवढ्या एका वाक्यावर लोकांनी तो भाग चाळणीतून गाळला. मीही त्यातलाच. शेरलॉकच्या डोळ्यात पाणी आलं ते का? मॉलीपुढे मदतीसाठी हात पसरले ते का? मोरिआर्टीच्या त्या कॉम्प्युटर कोडच्या थापेवर इतक्या चटकन विश्वास ठेवला तो का? प्रत्येक गोष्ट त्याच्या स्वभावाला न शोभणारी वाटू लागते, कारण एकदा तसं बघायला सांगितलं की माणूस जांभई दिली तरी संशय येतो.

मग २०१४ उजाडलं आणि उत्तर आलं. एक नाही, तीन. पहिल्यात शेरलॉक दोरीला बांधून उडी मारतो, उसळी घेऊन खिडकीची काच फोडत आत येतो, मॉलीचं चुंबन घेतो आणि डेरेन ब्राउन नावाचा खराखुरा टीव्ही-जादूगार जॉनला संमोहित करतो. ही अँडरसनची थिअरी निघते. अँडरसन म्हणजे आधी शेरलॉकचा दुस्वास करणारा आणि आता पश्चात्तापाने त्याचा फॅन क्लब काढून बसलेला फॉरेन्सिकवाला. दुसरं उत्तर त्याच क्लबमधल्या एका मुलीचं, त्यात शेरलॉक आणि मोरिआर्टी गच्चीवर बसून भलतंच काहीतरी करायच्या बेतात असतात. तिसरं उत्तर शेरलॉक स्वतः येऊन अँडरसनला सांगतो. खाली फुगवलेली मोठी गादी, रस्त्यावरच्या बेघर माणसांचं जाळं, तोतयाचं प्रेत, काखेतला चेंडू, भाऊ मायक्रॉफ्टबरोबर आखलेल्या १३ शक्यता आणि प्रत्येकीला सांकेतिक नाव. ऐकून अँडरसन म्हणतो की जरा निराशा झाली, मी असतो तर असं केलं नसतं. शेरलॉक त्यालाच टोमणा मारतो. मग अँडरसनला प्रश्न पडतो की हा मलाच का सांगतोय, आणि तो भिंतीवर चिकटवलेले कागद फाडत वेड्यासारखा हसत सुटतो.

विनोद म्हणून हे झकास जमलंय. लिहिणारा मार्क गॅटिस हुशार माणूस आहे. पण यात 'सगळ्यांनी हुकवलेला सुगावा' कुठे आहे? तिसरं उत्तर खरं मानलं तर त्यातलं बहुतेक सगळं लोकांनी आधीच ओळखलेलं होतं. चेंडू ओळखला होता, तोतया ओळखला होता, मॉली ओळखली होती. खरं मानलं नाही तर उत्तरच नाही. दोन्हीकडून हात रिकामेच. आणि मुलाखतीतल्या त्या वाक्याची भरपाई पडद्यावर कुठेही झाली नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे समजायला मला तो भाग नको इतक्या वेळा बघावा लागला.

कॉनन डॉयलने होम्सला १८९३च्या कथेत धबधब्यात ढकललं आणि १९०३ला परत आणलं तेव्हा काय झालं होतं? होम्स म्हणाला, मी पडलोच नव्हतो. संपलं. डॉयलने आधी कुणाला सांगितलं नव्हतं की त्या कथेत एक खूण दडवलेली आहे, शोधा. म्हणून त्याच्यावर राग धरता येत नाही. मला इथे नेमकं तेच खुपतं. पडद्यावर उत्तर नसणं मी चालवून घेतो. पडद्याबाहेर उभं राहून 'शोधा म्हणजे सापडेल' म्हणायचं, आणि मग शोधणाऱ्यांनाच टोप्या घालून पडद्यावर हसायचं, हे चालवून घेणं मला जमलं नाही.

याचे पडसाद कुठवर गेले बघा. चौथ्या सीझनचे तीन भाग जानेवारी २०१७मध्ये तीन रविवारी दाखवले गेले. शेवटचा भाग बऱ्याच चाहत्यांना इतका फसलेला वाटला की त्यातल्या काहींनी थिअरी मांडली, हे मुद्दाम वाईट केलंय, खरा चौथा भाग गुपचूप येणार आहे. पुढच्या रविवारी त्याच वेळेला बीबीसीवर 'अ‍ॅपल ट्री यार्ड' नावाची नवी मालिका सुरू होणार होती. ती मालिका अस्तित्वातच नाही, तो नुसता पडदा आहे, असंही ठरलं. २२ जानेवारीला 'अ‍ॅपल ट्री यार्ड'चा पहिला भाग लागला. ती खरीच होती, एका कादंबरीवर बेतलेली, आणि बऱ्यापैकी चांगलीही. लोक त्या चाहत्यांना हसले. मला मात्र त्यांची बाजू थोडी कळते. निर्मात्याने एकदा शिकवलं की जे दिसतं ते खरं नाही आणि जे खरं ते तुम्ही हुकवलंय, मग माणूस दुसऱ्याच मालिकेवर संशय घेणार नाही तर काय करेल.

तर शेरलॉक. अभिनय, वेग, लंडन, संवाद यासाठी दुसऱ्यांदा जरूर बघा. सुगाव्यांसाठी नको, असं माझं नम्र मत.

ट्रू डिटेक्टिव्हचं प्रकरण वेगळं आहे. तिथे निक पिझोलाटोने लिहिलेली एकसंध गोष्ट आहे, सुरुवात आणि शेवट एकाच माणसाने, एकाच दमात धरलेला. लुइझियानातली ती पाणथळ जमीन, १९९५ साली उसाच्या शेतातल्या झाडाखाली डोरा लँगचं प्रेत, डोक्यावर हरणाच्या शिंगांचा मुकुट, पाठीवर गोल गोल वळत जाणारी खूण. डोराच्या वहीत 'यलो किंग' आणि 'कारकोसा' हे शब्द. हे शब्द रॉबर्ट चेंबर्सच्या १८९५च्या भयकथासंग्रहातून आलेत, आणि कारकोसा त्याच्याही आधी अँब्रोज बिअर्सकडून, हे कळल्यावर जगभरचे लोक ते जुनं पुस्तक धुंडाळायला लागले. ९ मार्च २०१४ला शेवटचा भाग आला तेव्हा ती दाखवणाऱ्या एचबीओची ऑनलाइन सेवा गर्दीने कोलमडली होती.

इथल्या थिअऱ्यांचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे मार्टी हार्ट. डिटेक्टिव्ह रस्ट कोलचा तपासातला जोडीदार, संसारी माणूस, आणि खुनी तोच असं मानणारे पुष्कळ. पुरावा काय? त्याच्या मुलीच्या बाहुल्या. एका दृश्यात ऑड्री जमिनीवर बाहुल्या मांडून गेलेली दिसते. एक बाई बाहुली आडवी, भोवती पाच पुरुष बाहुल्या उभ्या. कॅमेरा फार काही न बोलता तिथून सरकतो. नंतर तिची शाळेतली ती अश्लील चित्रं. नंतर दोघी बहिणींच्या भांडणात खेळण्यातला मुकुट झाडावर जाऊन अडकतो. इकडे रस्ट चौकशीच्या टेबलावर बिअरचे डबे कापून छोटे पत्र्याचे माणूस बनवतो, तेही पाच. पाचाला पाच जुळले आणि चाहत्यांना ताप चढला.

हे सगळं मागे-पुढे करून बघायला प्रचंड मजा येते. पण जुळलेले आकडे बहुतेक वेळा कावळा बसायला आणि फांदी तुटायला, यापलीकडे जात नाहीत. पाच डबे आणि पाच बाहुल्या यांचा मालिकेने पुढे कुठेही संबंध लावलेला नाही. मार्टी खुनी नाही. बाहुल्यांचं स्पष्टीकरण कुणी देत नाही.

आता गंमत बघा. शेरलॉकमध्ये उत्तर न मिळाल्याचा मला राग आला आणि इथे नाही आला. का ते बराच काळ कळत नव्हतं. मार्टी स्वतः एका ठिकाणी बोलून जातो की उत्तर नाकासमोर होतं आणि मी भलत्याच धाग्यांकडे बघत बसलो. तो हे स्वतःच्या संसाराबद्दल बोलतोय. म्हणजे ऑड्रीच्या बाहुल्या हा सुगावाच आहे, फक्त खुनाचा नाही. घरात मुलीचं काहीतरी बिनसलंय आणि परक्याच्या घरात शिरून कपाटं उलथणाऱ्या डिटेक्टिव्हला ते दिसत नाही. माझं हे वाचन कुणाला पटेल, कुणाला नाही पटणार. पण ते पडद्यावरच्या वाक्यावर उभं आहे, लेखकाने बाहेर दिलेल्या इशाऱ्यावर नाही.

ज्याला खुनाचाच सुगावा हवा, त्याच्यासाठी ट्रू डिटेक्टिव्हमध्ये दोन गोष्टी आहेत. एक, गवत कापणारा माणूस. तिसऱ्या भागात रस्ट एका बंद पडलेल्या शाळेच्या आवारात जातो, तिथे मोअरवर बसलेल्या एका दाढीवाल्याशी दोन शब्द बोलतो आणि तेवढ्यात बोलावणं आल्याने निघून जातो. चेहऱ्यावर वण असलेल्या माणसाचा शोध चाललाय आणि या माणसाचा अर्धा चेहरा दाढीत दडलाय. सातव्या भागाच्या शेवटी दुसरे दोन डिटेक्टिव्ह त्यालाच रस्ता विचारतात. दुसऱ्यांदा बघताना तिसऱ्या भागातलं ते एक मिनिट असं काही अंगावर येतं की बस.

दुसरी गोष्ट हिरवे कान. सुरुवातीलाच कळतं की एका लहान मुलीने सांगितलंय, जंगलात हिरव्या कानांचा राक्षस मागे लागला होता. आठव्या भागात मार्टी एका घराचा जुना फोटो बघतो, घराला ताजा हिरवा रंग, आणि म्हणतो की रंगाऱ्याच्या कानांना रंग लागलेला असेल तर? तिथून एरल चाइल्ड्रेसपर्यंत, म्हणजे त्याच गवत कापणाऱ्यापर्यंत, वाट निघते. काहींना ही उडी फार लांब वाटते. मलाही थोडी वाटते. रंगारी कानाला रंग फासून जंगलात कशाला जाईल, हा प्रश्न बायकोने विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण हिशोब चुकता केला की नाही? केला. पहिल्या भागातल्या उधारीची फेड आठव्यात झाली.

अडचण एवढीच की दुसऱ्यांदा बघून झालं की ट्रू डिटेक्टिव्हमध्ये शोधायला फारसं उरत नाही. आठ भाग, दोन धागे आणि बाकी सगळं वातावरण. तिसऱ्यांदा बघाल ते रस्टच्या बडबडीसाठी आणि त्या दलदलीसाठी. चौथ्या सीझनने २०२४मध्ये पहिल्याशी काही तार जुळवल्यात, ती गोल खूणही परत आणली. ते मला ओढूनताणून वाटलं, त्यामुळे इथे मोजत नाही.

आता लाइन ऑफ ड्यूटी, भ्रष्ट पोलिसांना पकडणाऱ्या पोलिसांची मालिका. हिच्याबद्दल बोलायचं तर आधी तक्रारी सांगून टाकतो, म्हणजे मी पक्षपाती आहे असं वाटायला नको. पोलीस खात्यातली आद्याक्षरं इतकी की पहिले दोन सीझन आपण सबटायटल वाचतोय की बसचा बोर्ड तेच कळत नाही. ओसीजी म्हणजे संघटित गुन्हेगारांची टोळी, सीएचआयएस म्हणजे खबऱ्या, एवढी दोन पाठ करा, बाकी ओघात कळतात. दुसरी तक्रार शेवटाबद्दल. २ मे २०२१ला ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी २८ लाख लोक टीव्हीसमोर बसले होते, सगळ्यांना टोळीला सामील असलेला तो पोलिसातला चौथा माणूस कोण ते हवं होतं, आणि निघाला कोण तर इयन बकल्स. खात्यातला ढ अधिकारी. डोंगर पोखरून उंदीर निघाला असं त्या रात्री पुष्कळांनी म्हटलं आणि मला त्यांचं चूक वाटत नाही.

तिसरी तक्रार मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या त्या सांकेतिक लिपीची. तिसऱ्या सीझनच्या शेवटी टोळीला फितूर झालेला पोलीस डॉट कॉटन मरताना जे सांगतो त्याचं रेकॉर्डिंग पुढे परत परत तपासलं जातं. चौथ्या सीझनमध्ये त्यातून टोळीला सामील असलेल्या बड्या अधिकाऱ्याची खूण म्हणून 'एच' हे अक्षर निघालं. मग चाहत्यांनी हेस्टिंग्ज, हिल्टन, अशी एचची नावं असलेल्या सगळ्यांना पिंजऱ्यात उभं केलं. पाचव्याच्या शेवटी कळतं की मरताना डॉटचा हात हलत होता, मोर्समधलं एच, आणि मोर्समध्ये एच म्हणजे चार टिंब. म्हणजे चार माणसं. मरणारा माणूस इतकं कोडं घालत बसतो? मालिकेचा लेखक जेड मर्क्युरिओने हे २०१६ला ठरवून लिहिलं असेल असं मला काही वाटत नाही. मागाहून केलेली डागडुजी दिसते.

एवढं असूनही मी दुसऱ्यांदा बघायला हीच घ्या म्हणेन, आणि त्याचं कारण एका स्पेलिंगमध्ये आहे.

पाचव्या सीझनमध्ये टोळीला लॅपटॉपवरून निरोप पाठवणारा एक अज्ञात इसम आहे. त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त टाइप होत जाणारी अक्षरं दिसतात. या निरोपांत 'डेफिनिटली' हा शब्द येतो आणि त्यात दुसऱ्या 'आय'च्या जागी 'ए' पडलेला असतो. माझ्या लक्षात आलंही नसतं. पण बायको शाळेत इंग्रजी शिकवते. समोर चूक आली की तिचा हात आपोआप लाल पेन शोधतो. ती म्हणाली, "हे पोलिसाचं इंग्रजी? माझ्या सातवीच्या पोरांनी असं लिहिलं तर मी मार्क कापते." आम्ही हसलो आणि पुढे गेलो. मग त्याच सीझनमध्ये टेड हेस्टिंग्ज, म्हणजे भ्रष्ट पोलिसांना पकडणाऱ्या एसी-१२चा प्रमुख, 'एच' असल्याचं भासवून टोळीला निरोप टाइप करतो, आणि त्याचं 'डेफिनिटली'ही तसंच चुकतं.

तेव्हा घरात शांतता. आपल्याकडे ध चा मा झालेला शाळेपासून माहीत आहे, एका अक्षरावर माणसाचा जीव जातो हे काही नवीन नाही. ब्रिटनमध्येही चाहत्यांनी ती चूक पकडली, आणि टेडच एच असं मानणाऱ्यांना हातात कोलीत मिळालं. त्याच्यावर संशय यायला इतर कारणं होतीच: त्याने लपवून फेकून दिलेला लॅपटॉप, हॉटेलच्या खोलीत सापडलेली रोकड, बुडीत गेलेली गुंतवणूक. लॅपटॉपचं कारण शेवटी इतकं लाजिरवाणं आणि इतकं माणसासारखं निघालं की तोंडात मारल्यासारखं झालं.

सहाव्या सीझनमध्ये तीच चूक परत येते. दुसऱ्या लॅपटॉपवर, दुसऱ्या निरोपांत. टेडच्या हाताखालच्या स्टीव्हला आठवतं की टेडनेही असंच लिहिलं होतं. आणि टेडचं उत्तर असं: अज्ञात इसमाच्या आधीच्या निरोपांत ती चूक मला दिसली होती, म्हणून त्याचं सोंग घेताना मी मुद्दाम तशीच केली. मग त्या स्पेलिंगचा माग कागदपत्रांतून काढला जातो आणि तो बकल्सपाशी पोचतो.

मला यात आवडलं ते हे. सुगावा सगळ्यांना दिसला होता. कुणाच्याही नजरेतून निसटला नव्हता. ठळक अक्षरांत, स्क्रीनभर, पॉज करून वाचता येईल असा. फक्त सगळ्यांनी तो उलटा लावला. आम्हीही लावला, ब्रिटनमधल्या पुष्कळांनीही लावला, मालिकेतल्या स्टीव्हनेही लावला. आणि उलगडा झाला तो पडद्यावर, पात्राच्या तोंडून, एका वाक्यात. कुठल्या मुलाखतीची गरज पडली नाही. शेरलॉकशी तुलना केली की माझा निकाल का लागला ते कळेल. तिथे निर्माता म्हणाला तुम्ही बघितलं नाहीत. इथे लेखकाने दाखवलं की तुम्ही बघितलंत आणि तरी फसलात. पहिल्यात अपमान वाटतो, दुसऱ्यात चपराक बसते, पण हसू येतं.

आणि ढ बकल्सच खरा माणूस निघण्यात, राग निवळल्यावर, एक तर्क दिसायला लागतो. ज्याला धड स्पेलिंग येत नाही तोच तो निघाला. इतकी वर्षं लोक एखाद्या महाधूर्त सूत्रधाराची वाट बघत होते, नट जेम्स नेस्बिटचा नुसता फोटो दाखवला तरी तोच असणार म्हणून टाळ्या पडल्या होत्या (त्याचं पात्र मेलेलंच निघालं). आणि लेखक सांगत होता की हा माणूस हुशार नाही, नीट बघा, त्याला लिहिता येत नाही. २०१२मध्ये बकल्स पहिल्यांदा आला तेव्हा हे ठरलेलं होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. बहुधा नव्हतं. पण दुसऱ्यांदा बघताना पहिल्या सीझनमधला बकल्स, मग चौथ्यातला, मग सहाव्यातला, असा एक माणूस दर वेळी गुन्ह्याच्या आसपास गोंधळ घालत उभा दिसतो. पहिल्यांदा आपण त्याला विनोदी पात्र समजून सोडून दिलेलं असतं.

चौकशीचे ते लांबलचक प्रसंगही दुसऱ्यांदाच खऱ्या अर्थाने बघायला मिळतात. रेकॉर्डिंग मशीनचा तो कर्कश लांब बीप होतो, टेबलावर फाइली पसरतात, आणि पुढचा बराच वेळ फक्त माणसं बसून बोलतात. पहिल्यांदा आपण पुढे काय होणार म्हणून घाई करतो. दुसऱ्यांदा कोणता कागद आधी पुढे सरकवला, कोण पाणी प्यायलं, टेडने कुठला प्रश्न विचारायचा टाळला, हे दिसतं. त्याची ती मेरी, जोसेफ आणि गाढवाची आरोळी सोडली तर हा माणूस एकही शब्द फुकट बोलत नाही.

तरीही सगळ्यांनी हीच घ्यावी असं नाही. ज्याला दोन संध्याकाळीच मोकळ्या आहेत आणि ज्याला उत्तरापेक्षा धुकं आवडतं, त्याने ट्रू डिटेक्टिव्ह घ्यावी, बाहुल्यांपाशी थांबावं आणि पाचाचा हिशोब सोडून द्यावा. घरात किशोरवयीन मुलं असतील आणि सगळ्यांनी मिळून बघायचं असेल तर शेरलॉकच बरी, कारण लाइन ऑफ ड्यूटीत एका टप्प्यानंतर मारहाण फार आहे आणि ट्रू डिटेक्टिव्हचा विषय मुलांसमोर बघण्यासारखा नाही. फक्त गच्चीवरच्या उडीचं उत्तर शोधण्यात पुन्हा रात्र घालवू नका. चेंडूचा प्रयोग मात्र करून बघा.

लाइन ऑफ ड्यूटी घेतलीत आणि ३६ भाग जास्त वाटले, तर पहिला सीझन बकल्ससाठी, तिसऱ्याचा शेवटचा भाग डॉटसाठी, आणि मग थेट पाचवा आणि सहावा, असं बघितलं तरी भागतं. दुसरा सीझन वगळायला जिवावर येईल, तो एकूण मालिकेतला सगळ्यात सुंदर आहे, पण सुगाव्यांच्या हिशोबात तो तितका लागत नाही. सबटायटल चालू ठेवा. आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर अक्षरं उमटायला लागली की ती पुसट वाटली तरी पॉज करा, कारण मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर तो 'ए' आणि 'आय' हमखास चुकतो. मोठ्या टीव्हीवरच बघा.